तुरळक ठिकाणचे तात्या

निफाड तालुक्यात द्राक्षबागा किती, ते सातबाऱ्यावरून कळतं. हवामान सांगणारे तात्या किती, याची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात नाही. साधारण गावाला एक पडतो. मोठ्या गावात दोन असतात आणि त्या दोघांचं आपसांत बोलणं नसतं.

तात्यांचं वय पंचावन्नच्या पुढं. खिशात दोन मोबाइल. एक बोलायला, दुसरा ढग बघायला. बोलायच्या मोबाइलचा रिचार्ज संपला तर तात्या चार दिवस तसेच काढतात, ढगांच्या मोबाइलचा डेटा संपला तर घरात कुणाला जेवण जात नाही. शिक्षण बारावी सायन्सच्या आसपास कुठंतरी थांबलेलं. पण ‘हेक्टापास्कल’ हा शब्द ते गाईचं नाव घेतल्यासारखा सहज घेतात. ‘आज एक हजार आठ हेक्टापास्कल आहे,’ असं त्यांनी म्हटलं, की समोरचा ‘अरे बापरे’ म्हणतो. एक हजार नऊ म्हटलं असतं तरी तेच म्हणाला असता.

हे तात्या वर बघत नाहीत. वर बघणारे जाणकार जुन्या पिढीचे. मुंग्या अंडी घेऊन कुठं चालल्या, कावळ्यानं घरटं कुठल्या फांदीवर बांधलं, यावरून ते बोलायचे. पंचांगातली पावसाच्या नक्षत्रांची वाहनं त्यांना तोंडपाठ असत. पण मोर, म्हैस, बेडूक, कोल्हा हे सगळे मृगापासून कामावर रुजू होतात. मार्चच्या अवकाळीला पंचांगात वाहनच नाही. तो पायी येतो, म्हणून कुठल्या गावापर्यंत पोचेल ते सांगता येत नाही. आमचे तात्या आभाळाखाली उभे राहूनही मान खाली घालून मोबाइलमधलंच आभाळ बघतात. कुणी हटकलंच तर म्हणतात, ‘वर काय बघायचं? वर फक्त आत्ताचं दिसतं.’

ही जमात तशी अलीकडची. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारांनी राज्यातल्या कितीतरी जिल्ह्यांत उभा गहू आणि भरल्या बागा झोडपून काढल्या. त्या सुमारास गावोगाव स्मार्टफोनही येत होते. ज्याची बाग गेली आणि ज्याच्या हातात फोन आला, अशा माणसाचा तात्या होणं अटळ होतं. पुन्हा असं बेसावध सापडायचं नाही, एवढीच सुरुवातीची इच्छा. नंतर शेजाऱ्यानं विचारलं, मग शेजाऱ्याच्या साडूनं, मग ग्रुप निघाला. आता ग्रुप भरलेला आहे आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये जागा मिळावी म्हणून लोक वशिला लावतात.

तात्यांचा खरा हंगाम पावसाळा नव्हे. पावसाळ्यात पाऊस पडतो, त्यात सांगायचं काय? त्यांचा हंगाम फाल्गुन-चैत्रात. मण्यांत शुगर भरलेली, खुडा चाललेला, उन्हाळ कांदा काढून शेतात पसरलेला, गहू सोंगणीला आलेला, लग्नाच्या तिथी लागलेल्या आणि छतावर कुरडया. वरून चार थेंब पडले तरी प्रत्येकाचं काही ना काही भिजणार, अशा बेतानं आपण सगळं उघड्यावर मांडून ठेवतो. आणि नेमका त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी हवामान खात्याचा इशारा येतो. शनिवार-रविवार आकाश ढगाळ, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगानं वारे, कमाल तापमानात घट. नाशिक जिल्ह्याला पिवळा रंग.

तात्या पारावर येतात. मंडळी आधीच जमलेली.

‘तात्या, पिवळा म्हणजे?’

‘पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हाला.’

‘मग आता काय करायचं?’

‘लक्ष ठेवा.’

लक्ष ठेवण्यासाठी आधी कुठं ते कळायला हवं. खात्याच्या हिशेबात मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत १० जिल्हे. तुरळक ठिकाणी म्हणजे त्यातल्या फार तर पाव भागातल्या केंद्रांवर. खात्याचं काही चुकत नाही. एवढ्या मुलखात कुठंतरी पडणारच आणि पडतोच. पण आमच्या माणसाला विचारायचं असतं ते ओढ्याच्या अलीकडच्या अडीच एकरांचं. नंदुरबार-कोल्हापूर आणि अडीच एकर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत तात्यांचा प्रपंच चालतो.

कारणमीमांसा मात्र त्यांची पक्की. भूमध्य समुद्राकडून एक पश्चिमी विक्षोभ निघालेला आहे, तो हिमालयाकडं जाता जाता खाली आपल्याकडची हवा ढवळणार. एका बाजूनं अरबी समुद्राचा ओलावा, दुसऱ्या बाजूनं बंगालच्या उपसागराचा, दोन्ही वारे आपल्या डोक्यावर भेटणार. सकाळी ऊन तापणार, तापलेली हवा वर धावणार, दुपारी चारनंतर ढग दहा-बारा किलोमीटर उंच उभा राहणार. आत पाण्याचा थेंब खालच्या वाऱ्यानं पुन्हा पुन्हा वर फेकला जाणार, गोठणार, जाड होणार आणि वाऱ्याला पेलवेनासा झाला की गार होऊन खाली येणार. हे सगळं तात्या हातवारे करून सांगतात. भूमध्य समुद्राच्या जागी मारुतीचं देऊळ, बंगालच्या उपसागराच्या जागी सोसायटीचं ऑफिस. ऐकणाऱ्याला सगळं कळतं. शेवटी तो विचारतो, ‘मग खुडा करू का नको?’

इथं तात्या ढगांचा फोन काढतात. त्यात दोन मॉडेलं आहेत, युरोपियन आणि अमेरिकन. तात्या त्यांच्याविषयी दोन मेहुण्यांविषयी बोलावं तसं बोलतात. ‘युरोपियन म्हणतंय शनिवारी चार मिलिमीटर. अमेरिकन म्हणतंय कोरडं. अमेरिकन नेहमी असंच करतं, ऐन वेळी अंग काढून घेतं.’ युरोपियनवर त्यांचा जीव जास्त. ते हवेचे नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करतं. आमच्या एका चौकोनात चार-पाच गावं आणि कादवा नदीचं एक वळण बसतं. त्या सगळ्यांना मिळून चार मिलिमीटर. द्राक्षंही युरोपला जातात आणि औषधाच्या अंशावरून युरोपवालेच कंटेनर अडवतात. तेव्हा माल कसा पिकवायचा आणि त्याच्यावर पाऊस कधी पडणार, ही दोन्ही उत्तरं आमच्याकडं तिकडूनच येतात. तात्यांना यात वावगं काही वाटत नाही. ‘ज्याला माल खायचाय, तो काळजी करणारच,’ ते म्हणतात.

चार मिलिमीटर म्हणजे किती, हा पुढचा प्रश्न. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, एका एकरावर चार हजार लिटरांच्या वर. तात्या हा गुणाकार मोठ्यानं करतात. अडीच एकर, चार मिलिमीटर, चाळीस हजार लिटर. ऐकणारा बसून घेतो. पिकल्या मण्यावर थोडं पाणी साचलं तरी साल तडकते, हे त्याला तात्यांनी सांगायची गरज नसते.

या दोन दिवसांत आणखी एक प्राणी गावात फिरत असतो, तो व्यापारी. इशारा पिवळा झाला की भाव किलोमागं पाच रुपयांनी उतरतो; पावसाचा थेंब नाही, नुसत्या रंगावर. ‘शेठ, कालच तर बोलणं झालं,’ म्हटलं तर तो खिशातून फोन काढून तात्यांचाच मेसेज दाखवतो. यावर तात्यांनी दोन ग्रुप केले. एकात शेतकरी आणि खरा अंदाज, दुसऱ्यात व्यापारी आणि ‘वातावरण निवळण्याची शक्यता’. दोन्हीकडं असलेल्या एका उद्योगी माणसानं दोन्ही मेसेज एकमेकांत टाकल्यावर तात्यांनी नवा शोध लावला. मेसेज एकच, पण असा, की शेतकऱ्याला तो पावसाचा वाटावा आणि व्यापाऱ्याला उघडिपीचा. ‘ढगाळ हवामानासह काही भागात सूर्यदर्शन होत राहील, मात्र सावध असावे.’ हे गद्य लिहायला शाळेत शिकवत नाहीत.

मला विचाराल तर लोकांना तात्यांकडून पाऊस कळून घ्यायचाच नसतो. फोन सगळ्यांकडं आहे, तीच मॉडेलं, तेच रंग. पण मजूर सांगायचे की नाही, क्रेट उतरवायचे की नाही, हे एकट्यानं ठरवून चुकलं तर घरी तोंड दाखवता येत नाही. तात्यांना विचारून चुकलं तर ‘तात्या म्हणाले होते’ असं म्हणता येतं. गावाला असा एक माणूस लागतो आणि त्या जागेला मानधन नाही, हे लक्षात घेता तात्या फारच स्वस्तात पडतात.

लग्नवाल्यांचं निराळं. मुलीचा बाप शुक्रवारी रात्री अकराला फोन करतो. त्याला हवेचा दाब नको असतो, धीर हवा असतो. ‘तात्या, लॉन घेतलाय. आठशे पानं.’ तात्या गंभीर होतात, थोडा वेळ स्क्रीन पुढंमागं करतात आणि म्हणतात, ‘साडेसहाला अक्षता टाकून घ्या. साताला ढग पूर्वेकडं सरकतोय.’ साडेसहाला लग्न कधी कुणाचं लागलंय? पण बापाला झोप लागते.

घरात मात्र तात्यांना कुणी काही विचारत नाही. कुरडयांचा चीक शिजवायचा की नाही, हे काकू त्यांचा बोलायचा फोन ऐकून ठरवतात. सकाळी नऊपर्यंत तो पाच-सहा वेळा वाजला तर चीक शिजतो. पंधरा-वीस वेळा वाजला की गव्हाचं भांडं झाकून ठेवायचं. ‘लोक घाबरले की पाऊस येतो,’ असं त्यांचं शास्त्र. तात्या यावर चिडतात, पण वाळवण आजवर भिजलेलं नाही.

शनिवार उजाडतो तो गार. होळी जळाली की थंडी पळाली, असं सगळं जग मानतं; निफाडची थंडी जरा रेंगाळते. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्याच्या बातम्यांत येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा तात्या घरच्या पाहुण्याचं कौतुक करावं तसं लोकांना सांगतात. आता मार्चमध्ये आभाळ भरलं, ऊन गेलं आणि लोकांनी पेटीत टाकलेले स्वेटर पुन्हा काढले. शेतकरी गप्प. नाशिकहून मात्र गाड्यांची रांग. द्राक्षबागेत खाटा टाकलेल्या मिसळीच्या ठिकाणी शहरातली मंडळी बसली आहेत, वाऱ्यावर केस उडवत फोटो काढताहेत. ‘काय वेदर झालंय!’ एकीनं वेटरला विचारलंसुद्धा, ‘इथं नेहमी असंच छान असतं का?’ तो पोरगा शेजारच्याच बागवाल्याचा. त्यानं जास्तीचा रस्सा वाढला आणि उत्तर टाळलं.

चारला ढग उभा राहिला. साडेपाचला वारं सुटलं, धूळ उडाली, वीज गेली, पारावरच्या पिंपळानं पानं टाकली. तात्या ओट्यावर उभे होते आणि त्या वेळी, एकदाच, त्यांनी वर बघितलं. गावात मोजून आठ-दहा टपोरे थेंब पडले. दोन गावं पलीकडं, नांदूरमधमेश्वरच्या बाजूला, पंधरा मिनिटं गारा झाल्या. लॉनवर अक्षता सव्वासातला पडल्या, मंडप पावणेआठला.

रविवारी सकाळपासून तात्यांकडं दोन रांगा. ज्यांनी त्यांचं ऐकून घाईनं खुडा केला आणि मग पाऊसच आला नाही, ते भांडायला. ज्यांनी ऐकलं नाही आणि ज्यांची बाग गेली, ते नुसतेच बसायला. पहिल्यांना तात्या सांगतात, ‘अंदाज बरोबरच होता, गाव चुकलं.’ दुसऱ्यांना ते काही सांगत नाहीत, चहा सांगतात. त्या घरात काकूंचं चहाचं पातेलं इतकं मोठं का, ते अशा रविवारी कळतं.

सोमवारी कागद सुरू होतात. फळपीक विमा हवामानावर चालतो आणि हवामान मोजलं जातं महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर. केंद्र ज्या गावात, त्या गावात थेंब नाही. त्यातून खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळं शनिवारी संध्याकाळी पडलेलं पाणी रविवारच्या खात्यावर. गारपिटीची खबर ७२ तासांत द्यायची असते; तास शनिवारपासून मोजायचे का रविवारपासून, यावर पारावर अर्धा दिवस गेला. शेवटी ठरलं, की पंचनाम्याला साहेब येतील तेव्हा तात्यांनी पुढं व्हायचं. तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी फक्त लिहून द्यायचं, की शनिवारी सायंकाळी अमुक वाजता अमुक गटात गारा पडल्या.

साहेब आले. झोडपलेल्या बागेत सगळे उभे राहिले. खाली फुटलेल्या मण्यांचा चिखल, वर चाळण झालेली पानं, घडांवर माशा. तात्यांच्या हातात कोरा कागद आणि पेन दिलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना होऊन गेलेल्या हवामानाबद्दल विचारलं होतं. त्यांनी बराच वेळ विचार केला, एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली आणि सही करून कागद साहेबांकडं दिला.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं, ‘सदर परिसरात शनिवारी सायंकाळी तुरळक ठिकाणी गारपीट झाली असण्याची दाट शक्यता आहे.’