पहिला रिमोट मामाचा

सोनगीरच्या आमच्या गल्लीत दिवसभर तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठोके पडायचे. त्या आवाजाचा मला लहानपणी फार मोठा आधार होता. भर दुपारी मोठी माणसं आडवी झाली की आम्ही पोरं टीव्हीवर एकमेकांना लाथा-बुक्क्या घालायचो, आणि त्यातली एकही लाथ कोणाच्या कानापर्यंत पोचायची नाही. कुठेतरी हंडा घडतोय, एवढंच सगळ्यांना वाटायचं.

या लढायांत मी अजिंक्य होतो. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो, कारण त्या काळाचे बहुतेक साक्षीदार नाशिक-पुण्याला निघून गेलेत.

आमच्याकडे होता त्याला सगळे नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचं मशीन काढलं, त्याची ती नक्कल. नव्वदच्या दशकात अस्सल माल खान्देशात कोण आणतो? मोठ्या शहरांत सेगाची मशिनं मिळायला लागली होती, आणि ती विकत कोण होतं, तर शॉ वॉलेस, दारूसाठी नावाजलेली कंपनी. तिचा कुठलाच माल आमच्या घरात येण्यासारखा नव्हता, म्हणून धुळ्याच्या आग्रा रोडवरून नक्कल आली. सोबत ‘९९९९ इन १’ची कॅसेट. त्यात गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळे तेच, नाव बदलून. आणि दुसरी कॅसेट, जिच्यामुळे गल्लीत माझा दरारा झाला: ‘स्ट्रीट फायटर ४’.

कॅपकॉमने स्ट्रीट फायटरचा दुसरा भाग १९९१ साली आर्केडसाठी काढला. १९९२ला तो सुपर फॅमिकॉमवर आला, साध्या फॅमिकॉमवर त्यांनी तो कधी काढलाच नाही. आणि खरा चौथा भाग यायला २००८ उजाडलं. सोनगीरमध्ये तोवर तो जुना होऊन माळ्यावर गेला होता. आपल्याकडच्या नकली मालाचा वेग असा, की अस्सल मालाला मागून यावं लागायचं.

अस्सल खेळाला सहा बटणं, तीन बुक्क्यांची आणि तीन लाथांची. आमच्या रिमोटला दोन. शिवाय या मशीनला एका आडव्या रेघेत आठच हलते तुकडे दाखवता यायचे, त्यामुळे दोन गडी जवळ आले की कोणाचा पाय गायब व्हायचा, कोणाची कंबर लपलप करायची. गेममधल्या चुन-लीची लाथ बसली की नाही हे पायावरून कधी कळलं नाही. वरची ताकदीची पट्टी कमी झाली की बसली.

आता माझं युद्धशास्त्र. कोपऱ्यात जाऊन खाली बसायचं आणि लाथ मारत राहायचं. गल्लीतली पोरं याला चीटिंग म्हणायची, मी डाव म्हणायचो. दुसरी गोष्ट म्हणजे, मशीन आमचं असल्याने पहिला रिमोट कायम माझ्याकडे. दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नसायचं. अस्सल फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटलाही नव्हतं, पण तिथे त्या गड्याला निदान एक माईक दिलेला होता, बोंब मारायला. आमच्या नकलेत तेवढीही सोय नव्हती. समोरच्याने उडी घेतली रे घेतली, की मी स्टार्ट दाबून खेळ थांबवायचो. “थांब, पाणी पिऊन येतो.” पाणी पिऊन खेळ पुन्हा सुरू केला की तो बिचारा बटण दाबायचं विसरलेला असायचा आणि थेट माझ्या लाथेवर उतरायचा.

एवढं करूनही हरायला लागलो, तर भारनियमन धावून यायचं. मशीनला काहीही लक्षात ठेवता येत नव्हतं. लाईट आली की सगळं पहिल्यापासून, आणि तोवर समोरच्याला त्याच्या आईने हाक मारलेली असायची.

असा मी, गेल्या मे महिन्यात बहीण आणि भाचा पुण्याहून आले तेव्हा ताटावर बसून बोलून गेलो, की मला अख्खं सोनगीर ब्रूस ली म्हणायचं. कोणीही म्हणत नव्हतं. बहिणीला ठसका लागला. भाच्याने मात्र फार आदराने विचारलं, “मामा, तुम्ही कोणता फायटर घ्यायचात?”

“कोणताही,” मी म्हणालो.

माळ्यावरून मशीन काढलं. कॅसेट घेतली, फुंकली. “मामा, फुंकू नका. ओलाव्याने पिना गंजतात, निन्टेन्डोनेच तसं सांगितलंय.” मी आणखी जोरात फुंकली. गेम सुरू झाला. त्याचं म्हणणं, तो फुंकण्याने नाही, कॅसेट काढून परत नीट बसवल्याने सुरू झाला. खेळ सुरू होण्याआधीच पोराने माझी निम्मी पट्टी खाल्ली.

भिंतीवरच्या नव्या टीव्हीवर पहिली कुस्ती मी कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच हरलो. मी बटण दाबायचो, माझा गडी जरा विचार करायचा, मग लाथ उचलायचा. “टीव्हीत दोष आहे,” मी म्हणालो. आणि काय आश्चर्य, भाच्याने ते मान्य केलं! नवे सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःच्या मापात बसवतात आणि मग दाखवतात, त्यात क्षणभर जातो. जुना डबा टीव्ही जसं येईल तसं लगेच दाखवायचा. इतकी शास्त्रशुद्ध सबब मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. शहाणा माणूस ती घेऊन झोपायला गेला असता. मी म्हणालो, “मग डबाच काढू.”

डबा टीव्हीचा सगळा भार पुढच्या काचेकडे असतो, हे भौतिकशास्त्र मी कमरेने शिकलो. माय मागच्या खोलीतून ओरडली, “काय व्हयनं रे? पडना का तू?”

“नाही माय, टीव्ही उतरवतोय.”

“तठे चांगला टीव्ही शे ना!”

तोवर ओसरीत शेजारची मंडळी जमली होती. भाचा मुकाट्याने दुसरा रिमोट घेऊन बसला. मी पहिला घेतला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. माझा गडी कोपऱ्यात खाली बसला, मला बसता येत नव्हतं. भाच्याने थोडा वेळ बघितलं. मग तो लांबच उभा राहिला आणि त्याच्या र्‍यूने आगीचे गोळे फेकायला सुरुवात केली. खाली, तिरकं, पुढे आणि बुक्की. आम्ही लहानपणी समजायचो की तो गोळा नशिबाने निघतो! शेवटी त्याने उडी घेतली. मी स्टार्ट दाबलं, पाणी प्यायलो, सावकाश आलो, पुन्हा स्टार्ट दाबलं. तो नेमका माझ्या डोक्यावर उतरला.

पट्टी अगदी शेवटच्या टोकाला आलेली, आणि बाहेर अंधार झाला. लाईट गेली! मी मनातल्या मनात महावितरणला हात जोडले. पण टीव्हीवरचा माझा गडी मार खातच होता. इन्व्हर्टर मीच बसवलेला आहे, त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

गडी आडवा झाल्यावर ओसरीत कोणी काही बोलेना. माय सूप खाली ठेवून म्हणाली, “कंसबी मामाच व्हता.”

पुण्याला गेल्यावर भाच्याचा फोन आला. त्याने आणखी एक शोध लावला होता. जपानी टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवायचा, आपल्याकडचा पाल पद्धतीचा पन्नास. आपल्याकडची मशिनं त्यानुसार चालायची, म्हणून खेळ सहाव्या हिश्शाने हळू. “मामा, तुम्ही सगळे लहानपणी स्लो मोशनमध्ये मारामारी करत होतात.” मी हिशेब केला. मशीन तेच, डबा तोच. म्हणजे त्याने मला हरवलं तेही हळूच.

डबा टीव्ही अजून ओसरीतच आहे. एकवीस इंची, रंगीत, उत्तम चालू स्थितीत. कोणाला हवा असेल त्याने सोनगीरला यावं आणि फुकट घेऊन जावा. येताना दोन धडधाकट माणसं आणावीत, मी हात लावणार नाही.