ककार सर

ककार सरांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, ते तिथेच असू द्या. ‘ककार’ हे नाव पडलं ते ‘कोण, कुठे, कधी’ या त्यांच्या प्रश्नांवरून. दिंडोरीत कुणालाही विचारलंत तर याच नावानं घर दाखवतील. फक्त खुद्द सर रस्त्यात भेटले तर त्यांना पत्ता विचारू नका. ‘बसस्थानक कुठे आहे?’ असं विचारणाऱ्याला ते आधी ‘कुठे जायचंय?’ विचारतात, मग ‘साधी गाडी की जलद?’, मग ‘किती वाजेपर्यंत पोचायचंय?’. तोवर पाहुण्याची गाडी वणीच्या दिशेनं निघून गेलेली असते. पत्ता मात्र असा मिळतो की पाहुणा पुन्हा जन्मात चुकत नाही.

सरांनी पन्नाशी ओलांडलीय. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. निळं महिनोन् महिने चालतं, लाल आठवड्यात संपतं. विषय मराठी. मराठीच्या मास्तरानं थोडं कवी असावं, थोडं वक्ता असावं आणि सूत्रसंचालनाला कायम मोकळं असावं अशी गावाची अपेक्षा असते. सरांनी ती एकदाच पुरी केली. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांचा परिचय ‘ज्यांना परिचयाची गरज नाही’ असा करून देण्याची आमच्याकडे पद्धत. सर माइकवर म्हणाले, “परिचयाची गरज आहे, मागच्या पाच रांगांना पाहुणे कोण ते माहीत नाही.” मग त्यांनी जन्मगाव, शिक्षण, व्यवसाय आणि पाहुण्यांनी संस्थेला दिलेल्या देणगीचा आकडा वाचून दाखवला. जाहीर झालेला आणि जमा झालेला, दोन्ही. तेव्हापासून सूत्रसंचालन इंग्रजीच्या मॅडम करतात.

आमच्या ज्युनिअर कॉलेजातली पोरं दहावीपर्यंत प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असं सगळं करून येतात आणि येताना गाईडमधली वाक्यं मुखोद्गत करून आणतात. नदी आली की झुळझुळ, पाऊस आला की मृद्गंध, शेतकरी आला की जगाचा पोशिंदा. सरांचं सगळं वैर या तयार मालाशी. पहिल्याच तासाला ते विषय देतात, ‘आमची नदी’. मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवतो आणि आमच्यामधली भिंत पातळ आहे, त्यामुळे मला दरवर्षी हा तास फुकटात ऐकायला मिळतो. गेल्या वर्षी पालखेडच्या एका पोरानं लिहिलं होतं की गावाजवळून निसर्गरम्य नदी झुळझुळ वाहते आणि तिचं पाणी स्फटिकासारखं शुभ्र आहे.

“नदीचं नाव काय रे?”

“कादवा, सर.”

“मग लिहिलं का नाहीस?”

“सगळ्यांना माहितीये ना, सर.”

“स्फटिक पाहिलायस का कधी?”

“नाही.”

“बरं. कादवा मार्चमध्ये झुळझुळ वाहते का?”

पोरगं हसलं. “मार्चमध्ये कशाची सर! वरून करंजवणमधून आवर्तन सुटलं तरच पाणी. ते आमच्या पालखेडच्या धरणात येतं आन् तिथून कालव्यानं निफाडला, येवल्याला. आम्ही नुसतं काठावरून बघायचं.”

“हे लिही.”

“हे चालतं का?”

‘हे चालतं का’ हा प्रश्न ऐकला की सर चष्मा काढून पुसतात. दहा वर्षांच्या शिक्षणात या पोराला पाण्याबद्दल ठाऊक असलेली एकही गोष्ट कागदावर उतरवू दिली गेली नाही, असं त्यांचं मत. मला ते थोडं टोकाचं वाटतं, पण त्या दिवशी पोरानं अर्धं पान लिहिलं आणि त्यात एकही ‘निसर्गरम्य’ नव्हतं, हेही खरं.

२०२० साली बारावीचं नवं मराठीचं पुस्तक आलं आणि त्याच्या उपयोजित मराठीच्या भागात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख आले. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. बोर्डाला अखेर पटलं, असा त्यांचा आविर्भाव होता. जणू बोर्डाचा आणि त्यांचा इतकी वर्षं पत्रव्यवहार चालला होता. गंमत अशी की पुस्तक आलं आणि कोरोनामुळे कॉलेज बंद पडलं. शिकवणी व्हॉट्सॲपवर गेली. ते दिवस आठवा. अमुक काढा प्या, तमुक वाजता हेलिकॉप्टरनं फवारणी होणार, असल्या मजकुरांचा महापूर होता. सर प्रत्येकाखाली तीनच शब्द टाकायचे : ‘कोण? कुठे? कधी?’ कुटुंबाच्या ग्रुपवरून त्यांना मेव्हण्यानं काढलं, सोसायटीच्या ग्रुपवरून अध्यक्षांनी. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ते स्वतःच ॲडमिन होते, म्हणून टिकले.

माहितीपत्रक शिकवताना ते पोरांना स्वतःच्या शेतमालाचं पत्रक करायला लावतात. दिंडोरी तालुक्यात वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी द्राक्षबाग, उरलेल्यांचे आईबाप दुसऱ्याच्या बागेत कामाला. तेव्हा विषयाची टंचाई नाही. पहिल्या फेरीत सगळी पत्रकं ‘आमची द्राक्षे जगात भारी’ या वाक्यानं सुरू होतात. सर लाल पेनानं समासात विचारतात : ‘भारी म्हणजे किती ग्रॅमचा मणी?’

मागच्या बाकावर एक गडी बसतो. मराठीत काठावर पास होणारा. त्याला उभं करून सरांनी विचारलं, “डिपिंग म्हणजे काय, मला सांग. मी शहरातला आहे, मला काही कळत नाही.” सर मूळचे निफाड तालुक्यातले आहेत, त्यांना सगळं कळतं. पोरगा बोलायला लागला. ऑक्टोबर छाटणी झाली की बागेचे दिवस मोजायचे. फुलोऱ्याआधी घड लांबावा म्हणून जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, फवारायचं, त्याचा डोस कमी. मणी धरला की घड जीएच्या पाण्यात एकेक करून बुडवायचे. तीन-चार मिलिमीटरचा मणी असताना पहिलं डिपिंग, सहा-सातचा झाला की दुसरं. पाण्याचा सामू आधी तपासायचा, नाहीतर औषध वाया. भर उन्हात करायचं नाही. आणि घड बुडवणारी बाई पुढच्या घडाकडे गेली की मागचा घड हलवायचा, पाणी खाली साचलं तर मणी डागाळतात.

“का हलवायचा ते सांगितलंस. शाबास. आता हेच लिही.”

“सर, हे तर तोंडी झालं. लिहायचं म्हणजे... सुरुवात कशी करू? ‘द्राक्ष हे फळ सर्वांना आवडते’ अशी?”

सरांनी पुन्हा चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी त्याच पोराच्या वडिलांची फवारणीची वही वर्गात आली. युरोपात माल पाठवायचा तर ही नोंद ठेवावीच लागते : तारीख, प्लॉट, कोणतं औषध, किती प्रमाण, किती पाणी, कशासाठी. डावणी रोगासाठी, भुरी रोगासाठी. सरांनी ती वही उताऱ्यासारखी मोठ्यानं वाचून दाखवली, पानामागून पान. भिंतीपलीकडून मला वाटलं कोणाचं तरी पारायण चाललंय. शेवटी सर म्हणाले, “तालुक्यातलं सगळ्यात स्वच्छ गद्य हे आहे.” पोराचे वडील, नाना, सातवी शिकलेले. त्यांना हे कळल्यावर ते घाबरून कॉलेजात आले. वहीत काही चुकलं की काय असं त्यांना वाटलं होतं.

अहवाललेखनासाठी सर पोरांना रामशेजवर नेतात. संभाजी महाराजांच्या काळात मोगलांना वर्षानुवर्षं दाद न देणारा हा किल्ला, चढायला सोपा, अहवालाला अवघड. परतल्यावर सगळे लिहितात : ‘सहल अत्यंत आनंददायी व उत्साहपूर्ण वातावरणात पार पडली.’ सर एवढंच विचारतात की कोणाचा उत्साह, कारण दोघं जण गाडीतच झोपले होते. एका वर्षी दोन मुलींनी पायऱ्या मोजल्या आणि दोघींचे आकडे जुळेनात. सरांनी दोघींना पुन्हा खाली पाठवलं. तिसरा आकडा आला. शेवटी अहवालात तिन्ही आकडे गेले, कोणी कधी मोजले त्यासकट. सरांनी त्या दोघींना पैकीच्या पैकी गुण दिले आणि म्हाइंभटाची गोष्ट सांगितली. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करताना हा माणूस ज्यानं पाहिलं-ऐकलं त्याला जाऊन गाठत असे आणि विचारून घेत असे. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त तर स्वामी कुठे उतरले, देवळाचं दार कोणत्या दिशेला, असं सगळं नोंदलेलं. सरांच्या मते मराठी गद्य असं सरळ चाललं होतं, मध्येच कुठेतरी त्याला ‘अत्यंत आनंददायी’चा संसर्ग झाला. साहित्याच्या अभ्यासकांना हे मान्य होणार नाही. सरांनी त्यांना विचारलेलंही नाही.

शिवजयंतीच्या भाषणातही त्यांचा हात असतो. पोरगं ‘गर्जना’, ‘दाणादाण’, ‘वीज कडाडली’ असं तीन पानं लिहून आणतं. सर विचारतात, “आपल्या इथं काय झालं होतं?” पोराला माहीत नसतं. मग १७ ऑक्टोबर १६७०, सुरतेची दुसरी लूट घेऊन महाराज परतत असताना याच वणी-दिंडोरीच्या मुलखात दाऊदखानानं वाट अडवली आणि उघड्यावर लढाई झाली, हे पहिल्या ओळीत येतं. सभेत एरवी पेंगणारे म्हातारे त्या ओळीला मान वर करतात, कारण ‘इथं’ म्हटलेलं असतं. वीज नंतर कडाडली तरी चालते.

गावाला त्यांचा त्रास होतो, हे कबूल करायला हवं. लग्नपत्रिका त्यांच्या हाती पडली की ते गोरज मुहूर्ताचं घड्याळातलं उत्तर मागतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘भावी आमदार’ दिसलं की म्हणतात, “ही माहिती नाही, इच्छा आहे.” एका पतसंस्थेनं ‘काही तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद’ अशी पाटी लावली, तर सरांनी खाली खडूनं लिहिलं : ‘कोणत्या? कधीपर्यंत?’ शिपाई पुसायला आला, पण त्याचीही रक्कम तिथेच अडकलेली. त्यानं पुसलं नाही. घरी काकूंनी ‘जरा लवकर या’ असं फोनवर सांगायचं कधीच सोडून दिलंय. त्या सांगतात, “सव्वासहाला दूध संपलेलं असेल.”

हे सगळं हसण्यावारी न्यायचं, तर मागच्या हंगामातली गोष्ट आडवी येते. द्राक्षाचे व्यापारी बाहेरून येतात, बांधावर सौदा करतात, माल उचलतात. बहुतेक जण पैसे देतात आणि एखादा रातोरात गायब होतो. आमच्या भागात हे नवीन नाही. सरांच्या एका विद्यार्थिनीच्या घरची बाग अशीच गेली. तिनं पोलिसांसाठी तक्रार लिहिली आणि आधी सरांना दाखवायला आणली. सुरुवात होती, ‘आमच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे.’ सरांनी लाल पेन खिशातच ठेवलं. तिला शेजारी बसवलं आणि विचारत गेले. कोण आला होता? कोणी ओळख करून दिली? कोणत्या तारखेला माल तोडला? किती किलो? काय भाव ठरला? इसार किती? गाडीचा नंबर कोणी पाहिला? वजनाच्या चिठ्ठ्या कुठे आहेत? चिठ्ठ्या आजीनं देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या. गाडीचा नंबर धाकट्या भावाच्या मोबाइलमध्ये निघाला, त्यानं ट्रकसमोर उभं राहून फोटो काढून घेतला होता. तक्रार एक पानी झाली. डोंगर त्यात नव्हता. पैसे सगळे आले नाहीत, पण ‘नीट लिहून आणा’ म्हणून तक्रार परत आली नाही.

तेव्हापासून जानेवारी लागला की सर बारावीच्या वर्गाला कोऱ्या जागा ठेवून एक सौदाकागद लिहून देतात आणि घरी न्यायला सांगतात. परीक्षेत त्याला गुण नाहीत. पालकसभेला न येणारे बाप तो कागद मात्र मागून नेतात.

सर येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. सत्काराच्या पत्रिकेचा मसुदा मी केला; ‘ज्ञानयज्ञातील अखंड तेवणारी ज्योत’ वगैरे काही लिहिलं नाही, एवढी अक्कल शेजारच्या वर्गात राहून आली आहे. तारीख, वार, वेळ, स्थळ, कोण बोलणार आणि किती मिनिटं, सगळं घातलं. तरी रिवाज म्हणून तपासायला पाठवला. लाल शाईत एकच शेरा मारून परत आला : ‘जेवण आहे का?’

आहे. मांडे आणि आमरस. दुपारी साडेबाराला पहिली पंगत. माजी विद्यार्थ्यांनी यावं, मात्र किती जण येणार ते आधी कळवावं. सरांनीच विचारायला सांगितलंय.