आबांचं कायमस्वरूपी प्रदर्शन

आबांच्या घरी जाताना हातात पेढ्यांचा पुडा नसला तरी चालतो, पण गाठीला मोकळा तासभर हवा. 'या, बसा' म्हणण्याची रीत त्या घरातून कधीच हद्दपार झाली आहे. 'चपला राहू द्या हो, आधी हे बघा,' म्हणत आबा पाहुण्याला दंडाला धरून पॅसेजमध्ये नेतात. प्रदर्शन तिथे सुरू होतं आणि फ्रीज, देवघराची बाजू, टीव्हीच्या वरची जागा असं करत बाथरूमच्या दारापाशी संपतं. टीव्हीच्या वर पूर्वी आबांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. जागेच्या टंचाईमुळे त्यांची बदली बेडरूममधल्या कपाटावर झाली आहे. चित्रकार एकच: आबांचा नातू, वय वर्षं साडेचार.

असे आबा तुमच्याही सोसायटीत असतील. कुठे ते आजोबा असतात, कुठे नुकताच बाबा झालेला आयटीवाला. आईला हे वेड सहसा परवडत नाही, कारण तेलखडूचे डाग तिलाच पुसायचे असतात. आमचे आबा बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांच्या वेडालाही खतावणीची शिस्त आहे. प्रत्येक चित्रामागे तारीख, अनुक्रमांक आणि छोटी सही. शिवाय एक रजिस्टर. रकाने तीन: विषय, माध्यम, शेरा. विषय मात्र नातू सांगेल तोच लिहायचा. पंचाईत अशी, की सोमवारी ज्याला तो 'जेसीबी' म्हणतो त्यालाच गुरुवारी 'आजी' म्हणतो. रजिस्टरमध्ये खाडाखोड आबांना खपत नाही, म्हणून त्यांनी 'जेसीबी ऊर्फ आजी' अशी नोंद केली. त्या रात्री आजी जेवताना एक अक्षर बोलल्या नाहीत.

आजींच्या रागाला मागचा इतिहास होता. वर्षभरापूर्वीच्या चित्रात त्यांच्या डोक्यातूनच हातपाय फुटले होते, मधलं धड गायब. आबांनी समजूत घातली की तीन-चार वर्षांची पोरं जगात कुठलीही असोत, माणूस आधी असाच काढतात. ते खरंच आहे. पुढे धड आलं, तर त्या धडाच्या आत अख्खा डोसा दिसायला लागला. त्यावरही आबांकडे दाखला तयार: ल्यूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली पुस्तकात लिहून ठेवलंय, लहान मूल जे दिसतं ते काढत नाही, जे माहीत असतं ते काढतं. 'आजीने सकाळी डोसा खाल्ला हे त्याला माहीत आहे, म्हणून त्याने काढला. यात चिडायचं काय?' आजींचं म्हणणं एवढंच, की डॉक्टरांनी बंद केलेला डोसा आपण खाल्ला हे हॉलमध्ये टांगायची गरज नव्हती.

सूनबाई या सगळ्याकडे चौरस फुटांच्या हिशेबाने बघते. दिवाळीच्या साफसफाईत तिने एक गठ्ठा हळूच रद्दीत सरकवला होता. आबांनी तो जिन्यात, रद्दीवाल्याच्या तराजूवरून सोडवून आणला आणि भर हॉलमध्ये रोडा केलॉगचं उदाहरण फेकलं. या अमेरिकन बाईंनी लहान मुलांची सुमारे दहा लाख चित्रं जमवली आणि पोरांच्या गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार मांडले. 'तिने दहा लाख ठेवली तर ती संशोधक, आणि मी दोनशे ठेवली तर तुम्ही रद्दीवाल्याला फोन करता!'

सूनबाईने शांतपणे विचारलं, 'बाबा, तिचा फ्लॅट केवढा होता?'

घरात एक थोरली नातही आहे, आठवीतली. तिने एलिमेंटरीत 'अ' श्रेणी मिळवली. इंटरमीजिएटही झाली की दहावीला वाढीव गुण मिळतील, म्हणून तिचं प्रमाणपत्र सूनबाईने स्वतः फ्रेम केलं. आबांना मात्र तिच्या हल्लीच्या चित्रांत राम वाटत नाही. क्लास लागल्यापासून ती तेच काढते: दोन डोंगर, मधे अडकलेला सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, एक वाकडं नारळाचं झाड आणि आभाळात चार टिकमार्क, म्हणजे पक्षी. डोंबिवलीत जन्मलेल्या पोरीने झोपडी कधी बघितली, हा आबांचा सवाल मला तरी बिनतोड वाटतो. तिच्या एका चित्रापुढे रजिस्टरात शेरा आहे: 'मागील पानाप्रमाणे.'

मग एके दिवशी नातवाने कागद सोडून हॉलच्या भिंतीलाच हात घातला. कमरेएवढ्या उंचीवर, सोफ्यापासून खिडकीपर्यंत, काळ्या मार्करने. मुलगा ऑफिसातून येऊन ओरडला, तसे आबा थेट वारलीवर गेले. चित्रकला मुळात भिंतीचीच, आपल्या पालघर-डहाणूकडे लग्नाचा चौक भिंतीवरच लिहितात, जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती काय उगाच?

'बाबा, ते गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात,' मुलगा म्हणाला. 'परमनंट मार्करने नाही. आणि त्या भिंतीचा हप्ता मी भरत नाही.'

शेवटी रंगारी बोलावला. त्याने भिंतीवरून बोट फिरवलं, मान तिरकी केली. आबांना वाटलं, चला, एक तरी जाणकार भेटला. रंगारी म्हणाला, 'पुट्टी आणि दोन हात मारले की साफ जाईल.' आबा आडवे झाले. बरीच बोलाचाली होऊन तडजोड अशी ठरली, की सगळा हॉल पांढरा करायचा, पण मार्करचा सर्वांत दाट भाग चौकट आखून तसाच सोडायचा. रंगाऱ्याने भोवती टेप लावून ते काम चोख केलं. आबांनी बाजारातून सोनेरी पट्टी आणून कडेने ठोकली. खाली चिठ्ठी: विषय, माध्यम, अनुक्रमांक. विषयाची जागा तेवढी रिकामी ठेवली होती, कलावंत शाळेतून आला की विचारायचं म्हणून.

कलावंत आला, दप्तर फेकलं, कोरी पांढरी भिंत बघून खूश झाला. मग चौकटीपाशी थांबून म्हणाला, 'आबा, रंगवायचं इथेच राहिलं का हो? मी करू?'