तीन पायऱ्या

दिवेलागणीच्या सुमारास मला एक काम असतं. नोकरीतून मोकळं झालेल्या माणसाला वेळेवर करायचं काम असणं ही तशी चैनच. अंगणातून पडवीत यायला आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत, जांभ्याच्या, मध्यभागी झिजलेल्या. त्यांच्या तळाशी एक तांबूस कोंबडी उजवा पाय पोटाशी धरून उभी असते आणि तिला उचलून वर आणायचं, एवढंच ते काम. उचलताना ती पंख झाडत नाही की ओरडत नाही. एसटीत चढणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कुणी हात दिला की ती जशी आभारबिभार न मानता समोर बघत चढते, तशी ती माझ्या हातावर बसून तुळशीकडे बघत वर येते. पडवीच्या कोपऱ्यात तिची काथ्या घातलेली टोपली आहे. तिच्यात ठेवलं की एकदाच ‘कुर्रर्र’ करते. त्याचा अर्थ ‘बरं, जा आता’ असा असावा.

तो पाय मीच मोडला. घार घिरट्या घालायला लागली म्हणून एका सकाळी घाईघाईने पिल्लांवर डालगं टाकलं आणि त्याच्या काठाखाली एक पाय सापडला. घारीने काही केलं नाही. संरक्षणानेच घात केला. गुरांच्या डॉक्टरांनी कामट्यांच्या पट्ट्या बांधून दिल्या आणि साधारण तीन आठवडे सांगितले. कोंबडीच्या पिल्लाला अंड्यातून बाहेर यायला 21 दिवस लागतात, म्हणजे जन्माला येण्याइतकाच वेळ हाड जुळायलाही! मला त्या हिशेबात काहीतरी शुभ वाटलं. हाड जुळलं, पण आपल्या मर्जीने जुळलं, जरासं तिरपं. हळदतेल लावताना मी ज्याला तिचा उलट वाकणारा गुडघा समजत होतो तो मुळी गुडघा नव्हेच, तो घोटा, हेही मला तेव्हाच कळलं. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. म्हणजे कोंबडी जन्मभर चवड्यांवरच चालते, रात्री उशिरा घरी आलेल्या माणसासारखी. इतकी वर्षं कोंबड्या पाहिल्या, खाल्ल्याही, पण पायाची ओळख पाय मोडल्यावर झाली.

शेजारच्या काकी गडग्यावरून हा सोहळा बघायच्या. “सुरी लावची सोडून पट्टी कसली लावतंस रे झिला?” असं त्यांनी विचारलं. माझी साठी उलटली आहे, तरी काकींच्या लेखी मी झिलच. घरातून वेगळा सूर यायचा: “अहो, त्या हळदीतली चिमूटभर आमटीलाही ठेवा.” नाव मात्र पुतणीने ठेवलं. तिची इतिहासाची परीक्षा जवळ आली होती. “काका, हिचं नाव तैमूर ठेवूया.” कोंबडीला तैमूर? पण विचार केला तर ते चपखलच होतं. 1398 साली दिल्ली लुटणारा तो तैमूरलंग; त्यातल्या ‘लंग’चा अर्थच लंगडा. 1941 साली समरकंदला त्याची कबर उघडून सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव्ह यांनी हाडं तपासली, तेव्हा लंगडेपण खरंच निघालं, आणि तेही उजव्याच पायाचं. आमच्या तैमूरने अजून दिल्लीकडे मोर्चा वळवलेला नाही, पण उन्हात पसरलेल्या भातावर तिच्या स्वाऱ्या चालू असतात.

कोंबड्यांच्या दुनियेत लंगडं असणं सोपं नाही. कुणी कुणाला टोचायचं आणि कुणी मुकाट्याने टोचून घ्यायचं, याची त्यांच्यात पक्की उतरंड असते. शेल्डेरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेजियन माणसाला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत बसायचा नाद होता. त्याने ही उतरंड 1920च्या सुमारास शास्त्राच्या भाषेत मांडली. (असा मुलगा आमच्या घरी जन्मला असता तर त्याला ‘जा, अभ्यास कर’ एवढंच ऐकावं लागलं असतं.) त्या उतरंडीत तैमूर सगळ्यांत खाली. दाणे टाकले की ती कडेला उभी राहायची आणि इतरांची पोटं भरल्यावर पुढे व्हायची. म्हणून मी तिला वेगळं खायला घालू लागलो. रानातून वाळवीचं ढेकूळ आणून तिच्यापुढे फोडायचं. वाळवी म्हणजे कोंबडीचं श्रीखंड. या लाडाचा परिणाम असा झाला की रोज सकाळी ती माझ्या पायाच्या अंगठ्याच्या नखावर एकदा, फार जोरात नव्हे, पण ठामपणे टोचते. कितीतरी दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला अखेर आपल्याखालचं कुणीतरी सापडलं होतं.

पाहुण्यांची दृष्टी निराळी असते. मुंबईहून आलेले आमचे साडू अंगणात उभे राहून कौतुकाने म्हणाले, “गावठी दिसते.” त्या ‘दिसते’मध्ये मला वड्यांचा वास आला. गटारीच्या दिवशी तर मी तिला सकाळपासून पडवीतच ठेवून घेतलं आणि पेपर वाचायच्या निमित्ताने टोपलीशेजारी बसून राहिलो. काकी म्हणाल्या, “राखणेक कोंबडो लागता, आणि तोय धडधाकट.” म्हणजे देवाकडून तिला दोन्ही बाजूंनी माफी होती. भीती माणसांचीच तेवढी.

पण खरं सांगायचं तर मला तिचा लळा लागला तो तिच्या आवाजाने. दोन पायांची कोंबडी चालताना काहीच आवाज करत नाही. तैमूर चालते ती टप्, मग थोडी उसंत, मग फरफट केल्यासारखं हलकं खर्र. दुपारी सगळं घर झोपलेलं असताना हा आवाज अंगणातून आला आणि मी पन्नासहून जास्त वर्षं मागे फेकला गेलो. माझी आजी विहिरीवर घसरली होती, तेव्हापासून ती अशीच चालायची. सारवलेल्या खळ्यावर काठीचं टप्, उसंत, मग ओढलेल्या पावलाचं खर्र. तो आवाज जवळ येऊ लागला की आम्ही पोरं चोरलेली आंबोशी खिशात दडवायचो. संध्याकाळी तुळशीत दिवा ठेवायला जाताना ती मात्र मलाच हाक मारायची. “हात दी रे.” आठ वर्षांचा मी, तिचा तो सुकल्या पानासारखा हात धरून तीन पायऱ्या उतरायचो तेव्हा साऱ्या घराचा भार माझ्याच खांद्यावर आहे अशा ऐटीत असायचो.

गेल्या महिन्यात एका दुपारी मला झोप लागेना. पाणी प्यायला उठलो आणि माजघराच्या दारातून सहज पडवीकडे नजर गेली. पडवीत सुपात तांदूळ निवडायला ठेवले होते. पायऱ्यांवर टप् झालं, उसंत, पुन्हा टप्. तैमूर एका पायावर, पंखांचा किंचित आधार घेत, पहिली पायरी चढली, मग दुसरी, मग तिसरी. एकदाही चुकली नाही. लंगडी खेळणाऱ्या पोरींचीही एवढी सफाई मी पाहिली नाही. पोटभर तांदूळ खाऊन, चोच दोनदा सुपाच्या काठावर पुसून, ती आली तशीच उतरून गेली. उतरताना तर पाय जवळजवळ सरळच पडत होता.

मी तिथेच उभा राहिलो. आजीचीही अशीच एक दुपार आठवली. परड्यात कुणाचंतरी वासरू शिरून चवळी खात होतं आणि आजी पदर खोचून त्याच्या मागे धावत होती. काठी पडवीच्या खांबाला टेकून उभी होती, एकटीच. त्या संध्याकाळी पुन्हा “हात दी रे” ऐकू आलं आणि मी हात दिला.

काकींना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्या लगेच सुरीचा विषय काढतील. घरीही बोललो नाही. सूप तेवढं झाकून ठेवायला लागलो. आणि हल्ली दिवेलागणीला पडवीत पाऊल टाकण्याआधी माजघरातच जरा मोठ्याने खाकरतो, मग थोडा थांबतो. टप्, टप्, टप्, खाली उतरण्याची थोडी गडबड ऐकू येते. ती थांबली की मी बाहेर येतो. तैमूर पायऱ्यांच्या तळाशी पाय पोटाशी घेऊन उभी असते, तुळशीकडे बघत.