आणा समुद्रावर जप्ती

नागपुरात समुद्र एकाच ठिकाणी सापडतो. झिरो माइलजवळ 1907 सालचा एक दगड आहे, त्यावर या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे : 1,020 फूट आणि वर थोडी. एवढ्या उंचावर राहून 'आमचे पणजोबा मासेमारी करताना समुद्रात गेले' असे छाती फुगवून सांगणारा या शहरात बहुधा मी एकटाच.

आम्ही ढिवर. तळ्यांत जाळी टाकणे, शिंगाडे लावणे, पालख्या वाहणे ही आमची पिढीजात कामे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या 1916 सालच्या ग्रंथातही हीच नोंदली आहेत. पण आमच्या घरी पितृपक्षात घातचतुर्दशीला पणजोबांचे वेगळे पान वाढले जाई आणि वडील सांगत, "समुद्रात गेले, आलेच नाहीत." कुठला समुद्र, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

निवृत्तीनंतर माणसाला शुगर तरी निघते, नाही तर वंशावळीचा नाद लागतो. मला दोन्ही झाले. जातीच्या दाखल्यासाठी लोक जुन्या कोतवाल पंजीच्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीच्या, नकला काढतात, तशा मीही काढल्या. त्यांत आमच्या घराण्यातला प्रत्येक माणूस एकाच कारणाने गेला होता : ताप. पणजोबांचे वडील तापाने, चुलते तापाने, विहिरीत पडलेली एक चुलतआजीसुद्धा तापाने. पणजोबांची मात्र नोंदच नव्हती.

"नोंद नाही, म्हणजे समुद्र पक्का," मी बायकोला म्हणालो.

आणि नागपूरला समुद्र अगदीच परका नाही. 1751 मध्ये ओडिशा रघूजी भोसल्यांच्या ताब्यात आला. 1803 च्या देवगावच्या तहात तो इंग्रजांना द्यावा लागेपर्यंत, म्हणजे पन्नासेक वर्षे, नागपूरच्या राज्याला बंगालच्या उपसागराचा किनारा होता. बालासोर बंदर आमचे होते! मी पणजोबांना ताबडतोब बालासोरला रवाना केले. बायको गणिताची शिक्षिका. ती एवढेच म्हणाली, "ते 1803 च्या आधी बुडाले, तर तुमचे आजोबा 1912 मध्ये जन्मले कसे?"

तोवर समाजाच्या मेळाव्यात 'आपला दर्यावर्दी वारसा' या विषयावर माझे भाषण होऊन गेले होते. टाळ्या पडल्या होत्या. स्मरणिकेत लेखही छापून आला होता. आता माघार घेणे शक्य नव्हते, म्हणून मी दुसरा समुद्र शोधला.

17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. 600 हून अधिक माणसे गेली. मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी जमेल तितक्यांना होड्यांत ओढून घेतले. सन जुळत होते. पणजोबा त्या बोटीवर कशाला जातील, हा प्रश्न मी पुढच्या संशोधनासाठी राखून ठेवला आणि भाऊच्या धक्क्यावर रेवसची लाँच धरली.

धक्का सुटेपर्यंत मी कठड्याशी ताठ उभा होतो. नंतरही कठड्याशीच होतो, पण ओणवा. शेजारच्या बाईंनी लिंबू पुढे केले. "पहिल्यांदाच काय भाऊ?" मी 'नाही, पिढ्यानपिढ्या' म्हणणार होतो, पण तोंड मोकळे नव्हते.

रेवसला जाळे विणत बसलेल्या एका कोळी आजींना मी माझी कथा सांगितली. त्यांनी सुई न थांबवता विचारले, "नागपूरला दर्या कवा आला?" मग त्यांच्या घरची गोष्ट निघाली. दीर होडी घेऊन गेला, तो आला नाही. प्रेत नाही, म्हणून दाखला नाही. दाखला नाही, म्हणून जाऊबाईंच्या हाती काही नाही. सात वर्षे खबर नसली तर माणूस मृत धरावा, असे कायदा म्हणतो. तेवढी वर्षे ती बाई कागदावर सवाष्ण होती आणि चुलीपुढे विधवा. मी वंशावळीची फाइल गुपचूप पिशवीत घातली.

नागपूरला परतल्यावर आत्याकडे गेलो. नव्वदीला टेकलेली, कान पक्के. सगळे ऐकून ती पोट धरून हसली.

"समुद्रात कायचे बुडतात बाप्पा! सावकाराचं कर्ज झालतं. रातोरात गोंदियाले पयाले, बिडीच्या कारखान्यात. सकायी सावकाराचा मानूस जप्तीले आला, तं माया आजीनं त्याच्यासमोरच कुंकू पुसलं. म्हने, मानूस समुद्रात गेला. आता आना समुद्रावर जप्ती!"

"आणि मग?"

"मंग काय? मनिआर्डर येत जाय. पुढं तिकडंच गेले."

"कशाने?"

"तापानं."

हे तू आजवर सांगितले का नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "तू काऊन नाही पुसलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तहसिलीपासून रेवसपर्यंत सगळ्यांना विचारून झाले होते, चार गल्ल्यांपलीकडे राहणारी आत्या तेवढी राहिली होती.

रेवसच्या जाऊबाईंना खरे वैधव्य सिद्ध करायला सात वर्षे लागली. माझ्या पणजीने खोटे वैधव्य एका सकाळीत सिद्ध केले आणि नवरा जिवंत असताना बिनकुंकवाची राहून घर वाचवले. पान मात्र आम्ही पणजोबांचे वाढत आलो. पणजीचे पराक्रम कुठल्याही पंजीत नाहीत, ते आत्याला तोंडपाठ आहेत.

तेव्हा वंशावळीचा नाद लागलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, नकलांसाठी अर्ज करण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपुढे जाऊन बसा. तिथे शुल्क लागत नाही आणि लाँचही लागत नाही.