दोन टक्के पुण्य

पुण्य नेमकं किती करावं, याचा आकडा आपल्या संतांना शेवटपर्यंत सांगता आला नाही. भूतदया, परोपकार असं सगळं मोघम ठेवून ते निघून गेले. ही त्रुटी 2013 साली संसदेनं दूर केली. कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमानुसार पुण्य, कायद्याच्या भाषेत सामाजिक दायित्व, म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के. एका वर्षी नफा फुगला म्हणून एकदम परोपकार उसळू नये, यासाठी सरासरीची सोय.

ही सक्ती सगळ्यांना नाही. नक्त मालमत्ता 500 कोटी, नाहीतर उलाढाल 1000 कोटी, नाहीतर निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक तरी पाहिजे. त्याखालच्यांनी आपला हिशेब जुन्या पद्धतीनं चित्रगुप्ताकडे द्यावा. वरच्यांना मात्र 1 एप्रिल 2014 पासून समिती, ठराव आणि संचालकांच्या अहवालात रीतसर नोंद. या हाताचं दान त्या हाताला कळू नये असं पूर्वी म्हणायचे. आता ते कळवलं नाही तर दंड आहे.

नियमांत एक तरतूद फार मौजेची आहे. कंपनीनं नेहमीच्या धंद्याच्या ओघात जे केलं, ते या खात्यात धरायचं नाही. दुसऱ्या कुठल्या कायद्यानं जे करणं भागच आहे, तेही नाही. हेतू स्वच्छ आहे: पगार वाटून त्यालाच कोणी दानधर्म म्हणू नये. पण हा हेतू हिशेब खात्यातल्या टेबलावर पोचला की त्याचा अर्थ वेगळाच लागतो. कंत्राटी कामगाराला किमान वेतन दिलं, शून्य गुण. सांडपाणी शुद्ध करून ओढ्यात सोडलं, शून्य. लघुउद्योजकाचं बिल 45 दिवसांत चुकतं केलं तरी शून्यच, कारण 2006 च्या कायद्यानं ते द्यायचंच आहे. मात्र तेच बिल सहा महिने अडकवून, त्यात वाचलेल्या व्याजातून एखाद्या शाळेला दोन संगणक दिले, की हार, फोटो आणि वार्षिक अहवालात रंगीत पान.

म्हणजे जबाबदारी धंदा आटोपल्यावर सुरू होते. संध्याकाळी शटर ओढून, हातपाय धुऊन, देवापुढे बसल्यासारखी.

अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1970 साली स्पष्टच लिहिलं होतं की धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, नफा वाढवणं. आमच्या उद्योगजगताला हे तोंडपाठ आहे. मात्र खेळाचे नियम पाळून आणि फसवणूक न करता वाढवणं, ही त्याची पुढची अट होती. पाठांतर तिथे अडतं.

आता हे पुण्य प्रत्यक्षात कसं उतरतं ते बघायला आंबेगाव तालुक्यातल्या डिंभ्याला जाऊ. समजा, हिरड्याचं चूर्ण विकणारी एक कंपनी आहे. (नाव विचारू नका. मी ती बसल्या बसल्या काढली आहे, भागधारक शोधूनही सापडायचे नाहीत.) मार्च महिना आहे. मार्च हा पुण्याच्या सुगीचा महिना. 31 तारखेला पैसे शिल्लक राहिले तर ते वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर सरकारी निधीत भरा, ही कटकट मागे लागते. आणि सरकारी निधीवर लोगो लावता येत नाही. म्हणून मंचरहून घोडेगाव, घोडेगावहून डिंभे अशा तीन पांढऱ्या गाड्या धुरळा उडवत येतात.

सोबत दप्तरं असतात. शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं, पण कंपनीचंही संपत आलेलं असतं. दोघांत ज्याचं ताळेबंदात महत्त्व, त्याचं वर्ष धरायचं. एका दप्तराला पाच जणांचे हात लागतात: उपाध्यक्ष, समन्वयक, मुख्याध्यापक, सरपंच आणि कोण ते नक्की ठाऊक नसलेले एक गृहस्थ. पोरगं मधे. त्याचा चेहरा दप्तरामागे झाकला जातो. ‘सर, दप्तर थोडं खाली,’ फोटोग्राफर ओरडतो. पोराचे डोळे दिसू लागतात. ‘खाली नको, खाली नको, लोगो जातोय!’ दप्तर पुन्हा वर. पोरगं पुन्हा गायब.

मग पाणी शुद्ध करण्याचं यंत्र. फीत कापून झाल्यावर उपाध्यक्ष सांगतात की या दुर्गम भागाला पाणी देताना आम्हाला धन्यता वाटते. समोरच्या खिडकीतून धरण दिसत असतं.

हे धरण साडेतेरा टीएमसीचं. घोड नदी अडवून बांधलेलं, कुकडी प्रकल्पातलं. या प्रकल्पाचं पाणी आंबेगाव, जुन्नर, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा असं सात तालुके फिरतं. खाली ऊस उभा राहतो, द्राक्षं पिकतात, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट लागतात. पाणी जास्त कुणाला, यावर पुढारी भांडतात. पाणी वळवण्याच्या बोगद्याचा नुसता विषय काढला तरी दोन जिल्ह्यांचे आवाज चढतात. आणि पाण्याखाली काय आहे? इतर गावांबरोबर खुद्द आंबेगाव आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते गाव बुडालं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. नाव तेवढं कोरडं राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात, आणि त्याच उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या वाड्या टँकरची वाट बघतात.

माझी नम्र सूचना अशी की सामाजिक दायित्वाचा विहित नमुना एकदा इथल्या विस्थापित महादेव कोळी आदिवासी कुटुंबांकडूनही भरून घ्यावा. ‘गेल्या तीन वर्षांचा सरासरी नफा?’ नव्हता, जमीन होती. ‘त्यापैकी किती टक्के समाजासाठी?’ धरणात गेली तेवढी सगळी. ‘लाभार्थींची संख्या?’ सात तालुके मोजून घ्या. ‘उपक्रमाची प्रसिद्धी कशी केली?’ इथे मात्र रकाना रिकामा राहील. फोटोग्राफर न्यायचं राहून गेलं.

जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू सैद याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणी कामगार. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवायला तो आडवा झाला आणि चिरडला गेला. वय जेमतेम बावीस. हिंदी चालकानं गाडी अंगावर घालायला नकार दिला, म्हणून गोऱ्या सार्जंटनं चाक हातात घेतलं, असं सांगतात. खरं असेल तर त्या चालकाची नोकरी नक्कीच गेली असणार. धंद्यातल्या नीतिमत्तेवर व्याख्यानं देणाऱ्यांनी त्याला अजून बोलावलेलं नाही.

बाबू गेनूचं वागणं आजच्या व्यवस्थापनशास्त्रात बसत नाही. त्यानं त्या कापडवाल्याकडे शाळेसाठी दप्तरं मागितली नाहीत. ‘माल खुशाल जाऊ द्या, पण आमच्या गावात एक हौद बांधा’ अशी तडजोड सुचवली नाही. ट्रकमध्ये काय भरलंय, कुठून आलंय आणि त्यात कोणाची रोटी गेलीय, एवढंच तो विचारत होता. हा प्रश्न सरळ उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांना लागतो. म्हणून कार्यक्रमात त्याच्या तसबिरीला हार घालतात आणि भाषणात विषय बदलतात.

याच पाण्यावर वेगळा धंदाही झाला, पण त्याचं कौतुक करायला तीन गाड्या आल्याचं ऐकिवात नाही. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या मदतीनं विस्थापित आदिवासींनी मच्छीमार सहकारी संस्था काढली. ज्यांची शेतं तळाशी गेली, त्यांनीच वर मत्स्यबीज सोडलं आणि जाळं टाकलं. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर केली. 2012 साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. या मंडळींच्या धंद्याला सामाजिक दायित्वाचा वेगळा विभाग नाही. बोटुकली सोडणं हाच धंदा आणि तेच दायित्व. नियमाप्रमाणे ‘नेहमीच्या धंद्याचा ओघ’ म्हणून हेही बाद.

आमची कंपनी मात्र थांबत नाही. परिणामांचं मूल्यमापन कायद्यानं मोठ्याच प्रकल्पांना सक्तीचं आहे, पण ही हौशी कंपनी आहे. मे महिन्यात एक तरुण टॅब घेऊन वाडीवर पोचतो. बाई अंगणात बाळहिरडा वाळत घालतेय. झाडावरून काढला तेव्हा हिरवा होता, आता काळा कुळकुळीत झालाय. उलथापालथ करून करून तिची बोटंही त्याच रंगाची झालीत. हा हिरडा व्यापारी नेणार. तो एक फळ उचलून फोडणार, ‘ओल आहे अजून’ म्हणणार आणि काट्यावर चढण्याआधीच पोत्यामागे काही किलो उडवणार. मग दोन-तीन हात फिरून हाच हिरडा सोनेरी झाकणाच्या डबीत जाणार. डबीवर डोंगराचं चित्र.

‘मावशी, या उपक्रमामुळे तुमच्या जीवनमानात काय बदल झाला?’

‘दप्तराचं म्हणतोस का दादा? बरंय की. चेन गेली त्याची. बी-बियाणं ठेवलंय त्यात.’

‘मग काय लिहू? उत्तम, समाधानकारक, की साधारण?’

‘समाधानकारक लिही. तुझीबी नोकरी हाये.’ ती हिरड्यावरून हात फिरवत राहते. ‘एक सांग, तुमची कंपनी हिरड्याचंच औषीद करती ना?’

‘हो. मुख्य घटक तोच.’

‘मग हा हिरडा तुमीच का न्हाई घेत? इथं येऊन, नीट काट्यावर, रोख?’

तरुण टॅबवर बोट फिरवतो. खाली जातो, वर येतो, पुन्हा खाली जातो. शिक्षण आहे, आरोग्य आहे, स्वच्छता आहे, ग्रामीण खेळांना प्रोत्साहनसुद्धा आहे.

‘तो आमच्याकडचा विषय नाही, मावशी. तो खरेदी विभागाचा.’

‘मग त्यास्नी धाड की.’

‘ते गावात येत नाहीत. गावात आम्हीच येतो.’