उसनवारी कशी करावी: होतकरू राष्ट्रांसाठी मार्गदर्शन

स्वतःचं काही शोधून काढणं हे फार कटकटीचं काम आहे. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि एवढं करून शोध लागलाच तर तो शेजारी उचलून नेतो. त्यापेक्षा तो शेजारी आपणच व्हावं, यात शहाणपण आहे. सदर मार्गदर्शन त्याच हेतूने केलं आहे. उदाहरणं इंग्रज, अमेरिकन आणि जपानी या तिघांपुरतीच घेतली आहेत, कारण गेली पावणेदोनशे वर्षं यांच्यात जी ने-आण चालली आहे, तेवढी एका वाड्यातल्या तीन बिऱ्हाडांतही होत नसेल.

प्रथम वस्तू निवडावी. शक्यतो अशी, जी देणाऱ्याच्याही मालकीची नाही. म्हणजे पुढे तक्रार घेऊन यायला कुणी उरत नाही. आपल्याकडे आमटी असते, कालवण असतं, रस्सा असतो, हुमण असतं. इंग्रजांनी या सगळ्या गोतावळ्याला एकाच डब्यात कोंबून वर ‘करी पावडर’ असं लिहिलं आणि क्रॉस अँड ब्लॅकवेलसारख्या कंपन्यांनी तो डबा जगभर पाठवला. इंग्रजी पद्धतीचं सार हेच: चव घ्यावी, पत्ता विचारू नये.

मेजी काळातल्या जपानने हा डबा पाश्चात्त्य खाणं म्हणून मोठ्या आदराने उघडला. १८७२ साली तिथे निघालेल्या विलायती स्वयंपाकाच्या एका पुस्तकात करीच्या साहित्यात कोळंबी आहे, कालवं आहेत, कोंबडी आहे आणि लाल बेडूकही आहे. बेडूक कुणी सुचवला याची चौकशी करत बसू नये. नवशिक्याच्या हातून असं व्हायचंच. महत्त्वाचं हे की पुढे बेडूक गळाला आणि करी राहिली.

राहिली ती आरमारामुळे. जपानी आरमार ब्रिटिश आरमाराच्या साच्यावर उभं राहत होतं, पण खलाशी पांढऱ्या भातावर जगत होते आणि बेरीबेरीने मरत होते. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शिकून आलेल्या ताकाकी कानेहिरो या आरमारी डॉक्टरांनी दोष आहारात आहे हे ताडलं आणि १८८४ साली एका जहाजावरचं जेवणच बदलून ते सिद्ध केलं. प्रथिनं कमी पडतात, हे त्यांनी सांगितलेलं कारण चुकीचं होतं. उपाय मात्र लागू पडला. (जीवनसत्त्वांचा शोध लागायला अजून अवकाश होता, त्यामुळे त्यांना कुणी बोल लावू नये.) भटारखान्यात मांस आणि सातू आले, आणि पुढे इंग्रजी रीतीने पिठाने दाट केलेली, बटाटा-गाजर-कांद्याची करी आली. ती भातावर ओतली की डोलत्या जहाजातही ताटाबाहेर जात नाही. १९०८ सालच्या आरमारी पाकपुस्तकात तिची कृती आहे. आजही जपानच्या सागरी दलात शुक्रवारी करीच असते. समुद्रावर वाराचं भान सुटतं म्हणून ही शिस्त, असं सांगतात.

आता बारसं. इथे नवशिके हमखास घाबरतात आणि वस्तूला तिच्या मूळ गावाचं नाव देऊन मोकळे होतात. असं करू नये. १९६३ साली एका जपानी कंपनीने सफरचंद आणि मध घातलेली सौम्य करी बाजारात आणली आणि तिचं नाव ठेवलं ‘व्हरमाँट करी’. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचा करीशी काडीचाही संबंध नाही. पण तिथला म्हणून सफरचंदाचा शिरका आणि मध यांचा एक घरगुती उपचार त्या सुमारास जपानात गाजत होता, तेवढं नातं पुरलं. भारताचा मसाला, इंग्रजांचा डबा, जपान्यांचं पातेलं आणि अमेरिकेचं नाव. कानामागून आली आणि गोड झाली!

दुसरी गोष्ट, निरीक्षण. ते करताना आपलं हसं झालं तरी चालेल. किंबहुना व्हावंच. जुलै १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी चार जहाजं घेऊन जपानच्या दारात उभा राहिला. (त्याच एप्रिलात आपल्याकडे बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली होती, त्यामुळे आपण याकडे जरा वडीलकीच्या नजरेने पाहायला हरकत नाही.) पुढल्या वर्षी तो परत आला तेव्हा नजराण्यात तारायंत्र होतं, व्हिस्की होती आणि खऱ्याच्या चौथाई मापाची वाफेची आगगाडी होती, गोल रुळांसकट. डबा एवढासा की सहा वर्षांचं पोरही जेमतेम मावेल. तेव्हा जपानी अधिकारी सरळ छपरावर चढून बसले आणि अंगावरचे सैल झगे फडफडवत गोल गोल फिरले. अमेरिकनांची हसून पुरेवाट झाली. हसू द्यावं. हसणाऱ्याचं लक्ष वस्तूवरून उडतं, छपरावर बसलेल्याचं उडत नाही.

खरी गाडी मात्र त्यांनी इंग्रजांकडून घेतली. १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा हा मार्ग सुरू झाला तो ब्रिटिश इंजिनियरांच्या हाताखाली. १९६४ मध्ये शिंकानसेन धावली. आणि २०१५ साली हिताचीने रेल्वेगाड्यांचा कारखाना उघडला तो इंग्लंडातल्या न्यूटन एक्लिफला, म्हणजे १८२५ साली स्टॉकटन-डार्लिंग्टनची आगगाडी ज्या मुलखातून पहिल्यांदा धावली, ऐन तिथेच. सौजन्याने वागणाऱ्याने एवढा सूड घ्यावा का, हा प्रश्न मला पडतो.

व्हिस्कीचंही तेच. ताकेत्सुरू मासाताका हा तरुण १९१८ साली स्कॉटलंडला गेला, ग्लासगोच्या विद्यापीठात बसला, भट्ट्यांमध्ये राबला आणि पाहिलेलं सारं वहीत उतरवून परतला. येताना रीटा कोवन नावाची स्कॉटिश बायकोही घेऊन आला. ही पायरी ऐच्छिक आहे. १९२३ मध्ये यामाझाकीची भट्टी उभी राहिली, आणि २०१४ च्या अखेरीस एका इंग्रज समीक्षकाच्या वार्षिक पुस्तकात जगातली सर्वोत्तम ठरली ती यामाझाकीच. त्याच वर्षी त्या भट्टीची मालक सनटोरी हिने अमेरिकेची बीम कंपनी १६ अब्ज डॉलरला घेतली. त्या गाठोड्यात स्कॉटलंडची लाफ्रॉइगही आली. धडा गिरवून झाला की शाळाच विकत घ्यावी.

अमेरिकन पद्धत यात बसत नाही. तिथे वही काढायची नसते, चेकबुक काढायचं असतं. स्वतःच्या घरचं शहाणपण तर परदेशी जाऊन आल्याशिवाय ऐकायचंच नसतं. संख्याशास्त्रज्ञ डेमिंग १९५० साली जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देत होते आणि पुढल्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं पारितोषिकही सुरू झालं. मायदेशी त्यांची आठवण झाली ती १९८० साली, टीव्हीवरच्या एका कार्यक्रमानंतर. मग फोर्डने बोलावणं धाडलं.

अर्थात चेकबुकालाही उतारा आहे. टोकियोत १९०५ पासून एक कंपनी वूस्टरच्या धर्तीवरचा सॉस बनवते. बाटलीवर चित्र बुलडॉगचं, कंपनीचं नावही बुलडॉग. २००७ मध्ये एका अमेरिकी फंडाने ती गिळायचा घाट घातला. कंपनीने भागधारकांची सभा बोलावली आणि सगळ्यांना नवे हक्क वाटून त्या फंडाचा हिस्सा पातळ केला. हा डावपेच मुळात अमेरिकेतल्याच वकिलांनी शोधलेला. फंड कोर्टात गेला, जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. इंग्रजी सॉस, इंग्रजी कुत्रा, अमेरिकी हत्यार. जपानी काय होतं म्हणाल, तर निकाल.

शेवटी काही खबरदारी. घेतलेली वस्तू परत करताना तिला नव्या कपड्यांत पाठवावं, म्हणजे मूळ मालक ओळखत नाही आणि दाम मोजतो. इंग्लंडात आज जपानची कात्सू करी लोक नवलाईने खातात. २०२० मध्ये तर एका जपानी करीसाखळीने गुरुग्रामला दुकान थाटलं. याला धाडस म्हणावं की कोडगेपणा, हे ज्याने त्याने ठरवावं.

दुसऱ्याचा देव आणला तर त्याचा मान राखावा. केएफसीने १९७० साली जपानात पाऊल टाकलं, १९७४ मध्ये ‘नाताळ म्हणजे तळलेली कोंबडी’ अशी जाहिरात केली, आणि जिथे ख्रिस्ती माणसं टक्का-दीड टक्काच आहेत तिथे डिसेंबरात आधीपासून नोंदणी करून कोंबडी खायची प्रथा पडली. दुकानाबाहेर संस्थापक कर्नल सँडर्सचा पुतळा, नाताळात त्याला सांताचा लाल डगला. १९८५ मध्ये हानशिन टायगर्सने बेसबॉलचं विजेतेपद जिंकलं. रँडी बास या त्यांच्या दाढीवाल्या अमेरिकन खेळाडूसारखं दिसणारं कुणी आसपास सापडेना, तेव्हा ओसाकाच्या चाहत्यांनी कर्नललाच दोतोनबोरीच्या पाण्यात फेकून दिलं. मग संघ वर्षानुवर्षं विजेतेपदाविना राहिला आणि लोक म्हणू लागले, कर्नलचा शाप. २००९ साली पुतळा गाळातून वर काढला. चष्मा आणि डावा हात मिळाला नाही. तरी २०२३ मध्ये संघ जिंकला. तेव्हा शापमुक्तीसाठी मूर्ती अखंड असण्याची अट नाही, फक्त ती पाण्याबाहेर असावी. इच्छुकांनी याची नोंद घ्यावी.